बांगडीचा तुकडा निघालेली माती

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता मला आईच्या नकलेतूनच आठवतो. तुमचं स्टेट, महाराजांचं संस्थान, गेलं, मध्य भारत झालं, तुमच्या बांधकाम खात्याच्या पाट्या बदलल्या. स्वयंपाकघरातली भेग मात्र तशीच आहे. उन्हाळ्यात बोट जातं, पावसाळ्यात मिटते. तुम्ही तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली होती, भिंत हलली तर काच तडकेल म्हणून. एकदा मीच ती अंगठ्यानं दाबली. तुम्ही ओरडलात, "अरे, तिला बोलू दे ना! तू कशाला मध्ये तोंड घालतोस?" काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, आणि तिच्याबरोबर अख्खं घर हलतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे पदवी घेतली आणि त्याच मातीवर संशोधन करायला उत्तरेकडच्या मोठ्या कॉलेजात गेलो. ते मी मध्येच सोडून आलोय. हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहितोय.

सरांनी सांगितलं होतं, इंदूरची माती आण, पण जागा नीट बघून निवड. माती जमिनीत आहे तशीच, न हलवता, ठोकळा कापून काढायची आणि वर मेण ओतायचं, म्हणजे ओल टिकते. मी जागा निवडली बडा गणपतीच्या देवळामागे, एका घराच्या परसाला लागून. त्या घरात ती राहायची. मी खड्डा खणतोय, ती दोरीवर धुणं टाकतेय. "काय हो इंजिनियरसाहेब, विहीर खणताय का? पाणी लागलं तर पहिली घागर आमची, हां! नळाचा काही भरोसा नाही." मी वर बघून हसतो, आणि कुदळ खालून काय उकरतेय ते बघतच नाही.

पावसाळाभर ती माती यंत्रात भिजवली, दाबली, आकडे टिपले. एकाचा दुसऱ्याशी मेळ बसेना. शेवटी सरांनी उरलेला ठोकळा सुरीनं चिरला. आत विटेचे तुकडे आणि हिरव्या बांगडीचा एक तुकडा. कुणीतरी जुना खड्डा बुजवलेली जागा होती ती; भरावाची माती. सगळं काम बाद. सर म्हणाले, "मिट्टी देखने गए थे या कुछ और?" सगळी लॅब हसली. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! पण त्याच सकाळी आईचं पत्र आलं होतं, त्या परसातल्या मुलीचं लग्न ग्वाल्हेरच्या स्थळाशी ठरलं म्हणून. माझं डोकं फिरलं. "रखिए अपनी मिट्टी," म्हणालो आणि तडक स्टेशन गाठलं.

येऊन केलं काय, तर तिच्याच लग्नात पंगतीला जिलबी वाढली. आता पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात शेडची मापं घेतो. मालक "बाबूजी, बाबूजी" करतो, काम वाईट नाही. पण दमलोय, अण्णा. कामानं नाही. सरांवर चिडून राहायला रोज नवं कारण काढावं लागतं, त्यानं. आता कारणंही संपली.

गेल्या रविवारी गावाबाहेर एका शेतात गेलो. शेतवाल्याला विचारून घेतलं, इथे कधी काही बुजवलंय का. मुरूम लागेपर्यंत खणलं. काळी, सलग, चिकट माती. नखाएवढी वीट नाही. ठोकळा कापला, मेण ओतलं, डब्यात भुसा भरून बसवला. उद्याच्या गाडीचं तिकीट काढलंय. कारखाना सोडला.

आई लाडू वळतेय. "सरांनी स्वतःहून बोलावलंय हो, मोठ्या मनाचा माणूस!" असं शेजारी सांगूनही आली. माझी जागा एव्हाना दुसऱ्याला दिली असेल. दारातूनच परत पाठवतील, तेही होईल.

आईला कळू देऊ नका, अण्णा. सरांनी बोलावलेलं नाही. मीच चाललोय.