पूल उचलल्याशिवाय

प्रिय अक्का,
नमस्कार. मी मजेत आहे, काळजी नसावी. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का?

इथे तुझ्या भाच्याच्या छोट्या रेल्वेचं प्रदर्शन चालू आहे. हॉलभर टेबलं, त्यांवर रूळ आणि मधल्या चौकोनात मी! "आई, सिग्नल तुझ्याइतके नीट कोणी सांभाळत नाही," म्हणत त्याने मला तिथे बसवलंय. बाहेर पडायचं तर दोन टेबलांना जोडणारा लाकडी पूल उचलावा लागतो, आणि पुलावरून सारखी गाडी जात असते. टेबलाखालून रांगायचं माझं वय आहे का?

काल डोकं फिरलं. सगळे सिग्नल लाल केले, पूल उचलला आणि तरातरा दारापर्यंत गेले. पण रस्ता अनोळखी, पासपोर्ट त्याच्या कपाटात. मुकाट्याने परत येऊन बसले.

"आई, पाच मिनिटं सगळ्या गाड्या खोळंबल्या!" म्हणाला. मी सहा महिने खोळंबलेय, ते दिसत नाही. परतीचं तिकीट म्हणे पुढच्या प्रदर्शनानंतर काढू.

तू फार आजारी आहेस, मला ताबडतोब पाठव, असं त्याला लिही. खोटं बोलू नये हे शाळेतल्या नन्सनी माझ्या डोक्यात कायमचं भरलंय. तुझ्यापुढे त्यांनी हात टेकले होते, तेव्हा तुला जमेल.

बोलावण्याकडे डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी