नाडा-शिबीर

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
धाकट्या जावेले, कुसुमले, घेऊन वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलतो. संगं तिचा नवरा नामदेव. तिच्या कंबरेची जखम कॅन्सर निघाली. चामडीचा. परकराच्या नाड्यानं. चाळीस वर्षं एकाच जागी करकचून बांधला. काळं पडलं, खाजलं, फुटलं. ती हळद लावून वर पुन्हा नाडा बांधत राह्यली.
डाक्टरीणबाईनं विचारलं, "इतके दिवस का थांबलात? मागच्या हिवाळ्यात तुमच्या गावात तपासणीचं शिबीर होतं ना?"
कुसुम म्हणे, "वांग्याची तोडणी होती, बाई."
तोडणी नव्हती. कुसुमनं माझ्याकडं पाह्यलं नाई. मी पंख्याचं बटन पाहून राह्यली.

१६ नोव्हेंबर, रविवार
लिहून टाकते, नाईतर तोडणीचं मलेच खरं वाटन.
शिबिराच्या दिवशी कुसुम चांगलं पातळ नेसून शाळेकडं निघाली होती. मी ओट्यावर हिरव्या सांभाराच्या, कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. म्या म्हटलं, "काय वं, या वयात कंबर दाखवायले चालली? नाडा-शिबीर हाये ते. सोडा अन् रांगेत उभ्या राहा." चार बाया होत्या, हसल्या. हसल्या की मले चढते. अजून दोन बोलली. कुसुम घरात गेली, पातळ बदललं, वावरात गेली.
शिबिरात तीन बाया गेल्या म्हणे. नाव मात्र राह्यलं. पोट्टे बी नाडा-शिबीर म्हणतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार
कुसुमचं ऑपरेशन झालं. तळहाताएवढं कापलं. जांघेत गाठ लागली, ती बी काढून तपासायले पाठवली. गाठीत निघालं तर पुढचं अवघड. रिपोर्ट यायचा हाये.
डाक्टरीणबाईले गाठलं. म्हटलं, गावात शिबीर पुन्हा आणा.
"आजी, गाडी, दोन डॉक्टर, नर्स, पूर्ण दिवस, आणि बायका तीन. वरून विचारतात, एवढ्या खर्चात सापडल्या किती? मी शून्य लिहिलं. तेवढ्याच खर्चात बीपी-शुगर तपासणीची दोन गावं होतात."
म्या म्हटलं, "पाहायले काय खर्च लागते वो? उजेड अन् डोळे."
"पाहायला काही नाही लागत. बायका यायला लागतात. तीस नावं आणा, मग मी वर भांडते."
शून्य लिहिलं तिनं. कुसुम तिथं जाती तर एक लिहिलं असतं. अन् तवा जखम फुटलेली बी नव्हती.

२४ नोव्हेंबर, सोमवार
गावची आशा सेविका वंदना, तिच्यासंगं मी घरोघर फिरली. वंदना सांगे, नाडा ढिला बांधा, जागा बदला, रुंद पट्टीचा परकर शिवा, काळा डाग असन तर दाखवा. मी मागं उभी. सहा नावं.
शेवंता म्हणे, "आजी, तुमचंच ना ते नाडा-शिबीर? आता तुम्हीच बोलावून राह्यल्या?" तिची सून पदरात हसली. उत्तर होतं माझ्याजवळ, दोघींले पुरून उरलं असतं. गिळलं.
एकीनं विचारलं, मग कुसुमकाकू तवा काऊन नाई गेली?
म्या म्हटलं, तोडणी होती.
घरी आली. जेवली बी.

२९ नोव्हेंबर, शनिवार
बचत गटाची बैठक माझ्या ओट्यावर. कुसुम दवाखान्यातून घरी आली हाये, ती बी येऊन उशीले टेकून बसली होती. मी उभी राह्यली अन् सांगितलं. तोडणी नव्हती. म्या अडवलं तिले. तुम्हाले हसवलं, म्हणून ती गेली नाई. माझ्या बी कंबरेले काळी रेघ हाये, मी पहिली दाखवीन.
कुसुम म्हणे, "बसा ना बाई." दोनदा म्हणे. मी बसली नाई.
वंदनानं वही फिरवली. आधीची धरून सव्वीस नावं झाली. शेवंताचं बी.
वाटलं होतं, सांगून मोकळं वाटन.

२ डिसेंबर, मंगळवार
बैठकीतलं नामदेवच्या कानावर गेलं. सकाळी अंगणात आला, उभ्याउभ्याच बोलला. "वहिनी, मले बी ती तोडणीच सांगे. मी तिले रोज म्हणून राह्यलो होतो, तुह्याच हयगयीनं झालं." गेला. चहा घे म्हणायले तोंड नव्हतं.
दुपारी कुसुमकडं गेली. ती पट्टी बदलून पडली होती. म्हणे, "एवढं मी झाकलं होतं, बाई. सांगायच्या आधी मले विचारायचं होतं. तवा बी माझीच कंबर चारचौघींत, अन् आता बी."
मले हे सुचलंच नव्हतं. उभी राह्यली तवा मी मोठं काम करून राह्यली असं वाटत होतं.
पाणी देऊ काय म्हटलं. नको म्हणे.
चार नावं कमी हायेत. वंदना म्हणे, तुम्ही शेजारच्या गल्लीत फिरा. फिरीन. पण आता कुसुमचं नाव घ्यायचं नाई. माझ्याच रेघेचं सांगीन.
उद्या गाठीचा रिपोर्ट. नामदेवनं ऑटो सांगितला, सकाळी सातले. मले ये म्हटलं नाई, नको बी म्हटलं नाई. मी साडेसहालेच आपल्या फाटकाशी उभी राहीन. ऑटो थांबवला तर बसीन. नाई थांबवला तर तिथूनच शेजारच्या गल्लीत जाईन, चार नावं आणायले.