हातावरचा बुद्ध

बुधवार, संध्याकाळ. कोपरी.

डोकं भणभणलंय. आईला श्रीलंकेला न्यायचंय. अनुराधापूरच्या बोधिवृक्षाखाली तिला एकदा बसायचंय, एवढीच साधी गोष्ट. पण दुपारी कुठेतरी वाचलं की अंगावर बुद्धाचा टॅटू दिसला तर तिथल्या विमानतळावरूनच परत पाठवतात. आणि माझ्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत बुद्धच आहे. पप्पा गेले त्या वर्षी काढलेला.

खरं कुणाचं मानू? एक साइट म्हणते, ते लोक अपमान समजतात. दुसरी म्हणते, कुणी विचारत नाही. कधी लिहिलंय ते दोन्हीवर नाही. ट्रॅव्हलवाला म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ, फुल शर्ट घाला." विहारातले काका तर छातीठोक सांगतात, "अरे, मी जाऊन आलोय ना, काही होत नाही!" आलात जाऊन, पण तुमच्या हातावर कुठे काय आहे? वकिलातीला आत्ता मेल टाकलाय, उत्तर येईल तेव्हा येईल. मला परत पाठवलं तर आई एकटी तिथे काय करेल? दारातूनच माघारी येईल ती माझ्यासोबत.

शेवटी फुल शर्ट इस्त्रीला घेतला. आईने विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. तिने माझा हात ओढून घेतला, नेहमीसारखा बुद्धाच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे बुद्धाला भेटायला जायचं, ते बुद्धाला झाकून?"

इस्त्री बंद केली. शर्ट अजून तसाच पडलाय, एक बाही चुरगळलेली.