ताईचे उसने डोळे

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार पोचावा. इकडे सगळे ठणठणीत आहेत, निदान जे फोटोच्या बाहेर आहेत ते. तुझी तब्येत कशी आहे हे नेहमीसारखं रीत म्हणून विचारत नाहीये, खरंच विचारतोय. तू फोन उचलत नाहीस, भाचीही उचलत नाही. (तिच्या पिढीला फोन उचलायचा असतो हेच माहीत नाही, पण तू तर राँग नंबरशीही अर्धा तास गप्पा मारतेस.) म्हणून हे पत्र. वेड्यात काढायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग काढ.

त्याचं असं झालं. स्टुडिओत मी ज्या प्रोग्रॅमवर फोटो सजवतो, तो बनवणारी कंपनीच बंद पडली. एका सकाळी पडद्यावर पाटी आली की यापुढे या प्रोग्रॅमची जबाबदारी आमची नाही, तुमचं तुम्ही बघा. (इतक्या वर्षांचा संसार, आणि तुमचं तुम्ही बघा!) दुरुस्तीवाला म्हणाला, नवा घ्या, महिन्याच्या भाड्यानं मिळतो. म्हटलं, दुकान भाड्याचं ते पुरे झालं, आता कात्रीसुद्धा भाड्याची? शिवाय माझ्या जुन्या फायली याच प्रोग्रॅममध्ये उघडतात, बाकीचे त्यांना दारातही उभं करत नाहीत. तेव्हा जुन्यावरच भागवतोय. कॉम्प्युटर बंद म्हणून करत नाही, न जाणो पुन्हा उठलाच नाही तर? त्याच्यासाठी वेगळा पंखा लावलाय. आमच्या सौ. म्हणतात, माझ्या आजारपणात कधी इतके उशाशी बसला नाहीत. दुरुस्तीवाला जाता जाता म्हणाला, काका, याला आता कुणी मालक उरला नाही, हा काय करेल याचा नेम नाही. मी हसण्यावारी नेलं.

आता माझी कामाची पद्धत तुला सांगायला हवी. दहा माणसांचा फोटो काढला की एकजण डोळे मिटतोच मिटतो. पुरुष असेल तर त्याला मी शेजारच्या न्हाव्याचे डोळे लावतो. आणि बाई असेल तर तुझे. तुझा तो खिडकीजवळचा फोटो आहे ना, त्यातले. डोळे टपोरे, आणि लहानपणापासून टक लावून बघायची सवय. (बरणीत हात घातलेला मी त्याच डोळ्यांना सापडायचो.) मिटलेले डोळे कापून तिथे सपाट कातडी करून ठेवायची, वर तुझे डोळे बसवायचे, रंग जरा कमीजास्त केला, सुरकुत्या जुळवल्या की काम फत्ते. आजवर एकीच्याही लक्षात आलेलं नाही. उलट सगळ्या खूश, की या फोटोत मी काय करारी दिसतेय!

तर परवा वकिलीणबाई आल्या. जुन्या समारंभातला फोटो मोठा करून हवा होता. फाईल उघडली आणि बघतो तर काय, बाई चक्क डोळा मारतायत! डावा मिटलेला, उजवा टक्क उघडा. बरं, शेजारी नवरा असता तर एक वेळ खपलं असतं, तिथे बसलेले नवऱ्याचे मोठे साहेब. बाईंनी माझी जी काही खरडपट्टी काढली ती पत्रात लिहिण्यासारखी नाही. त्या गेल्यावर मी बाकीचे फोटो उघडले. मुख्याध्यापिका, नर्स, नवरीची आई, सगळ्यांचा डावा डोळा मिटलेला. नवा डोळा लावला, पाणी प्यायला उठलो, परत येऊन बघतो तर पुन्हा मिटलेला. न्हाव्याचे डोळे मात्र जिथल्या तिथे. मग मी एक पापणी मोठी करून बघितली. ताई, तिच्यावर तुझा तीळ होता. डोळा मिटल्यावरच दिसणारा तो बारीक तीळ. तो कुठल्याच फोटोत नाही, माझ्याजवळ तुझा डोळे मिटलेला फोटोच नाही. तो आपल्या घरातल्या माणसांशिवाय कुणालाही माहीत नाही.

हसू नकोस, मी घाबरलोय. तुला काही झालं तर मला कोण आहे गं? पत्र मिळताच दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढ आणि पाठव.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालतच होतो, तेवढ्यात भाचीचा फोन आला. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय म्हणे, पट्टी आहे, फोन बघायची मनाई. मामा उगाच घर डोक्यावर घेईल म्हणून कळवलं नाही! मी इतका हसलो की सौ. बाहेर आल्या. बायांनो, मारा खुशाल डोळे. वरचं सगळं विसर.

ता. क. दुसरा. पत्र टपालात टाकायचं राहूनच गेलं, तोवर तुझी पट्टी सुटल्याचं कळलं. इथेही सगळ्यांचे डावे डोळे उघडले. फक्त ते फार चमकतात, म्हणून एक बाहुली मोठी करून बघितली. आत खोली दिसली. खिडकी, तुझी खाट, खाटेजवळची खुर्ची, खुर्चीत एक बाई. भाचीला फोनवर विचारलं, पट्टी सुटल्यावर आईजवळ कोण बसलं होतं, तर म्हणाली, मी औषधं आणायला गेले होते, खोलीत कुणी नव्हतं. उजव्या डोळ्यातही बघितलं. तिथे खुर्ची रिकामी आहे.

ता. क. तिसरा. हा भाचीसाठी. बाळ, तुझा फोन पुन्हा लागत नाहीये. आईला वाचायची अजून मनाई आहे, म्हणजे पत्र तूच वाचतेयस. इथून पुढे मोठ्यानं वाचू नकोस. मी ती बाई आणखी मोठी करून बघितली. तिच्या कपाळाखाली डोळेच नाहीत, सपाट कातडी आहे, मी कापून ठेवतो अगदी तशी. दर वेळी फाईल उघडावी तर ती खाटेकडे जरा जास्तच वाकलेली असते. आईच्या डोळ्यावर पुन्हा पट्टी बांध, डॉक्टर काही म्हणोत. आणि तू वाचायला त्याच खुर्चीत बसली असशील, तर मागे न बघता हळूच ऊठ.