दहाव्याला थांबवलेली खबर

कोहका, भिलाई
१० जून

आदरणीय भाऊरावभाऊजींना मैनावहिनीचा नमस्कार. वि. वि.

आज दुर्गला वकीलसाहेबांकडे जाऊन आले. घरावर शेजारच्या ठेकेदाराने टाकलेल्या दाव्याचा निकाल आपल्याविरुद्ध लागला आहे आणि अपिलाची मुदतही गेली आहे. तुमच्या दादांच्या दहाव्यालाच तुम्हाला सांगितलं होतं, असं वकीलसाहेब म्हणाले. तुम्ही दोघं अंगणात बोलत होता, ते मी खिडकीतून पाहिलं होतं. त्यानंतर तुम्ही बरेचदा आलात. दर वेळी घर सोडून गोंदियाला चला म्हणालात, निकालाचं बोलला नाहीत. फोनवर दाव्याचं विचारलं की माझ्या तब्येतीची चौकशी करू लागता, म्हणून लिहिते.

उशीर माफ करून अपील घ्यावं, असा अर्ज द्यायचा आहे. खबर माझ्यापर्यंत का आली नाही, याचं शपथपत्र तुमचंच लागेल. नाहीतर घर जाईल. दुर्गाला आशीर्वाद.

मैना

गोंदिया
१६ जून

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून बायकोला म्हटलं, वहिनीनं मले आरोपीच करून टाकलं. दुर्गा हसली नाही. सुतकाच्या घरात वाईट खबर नेत नाहीत, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. तेरवीनंतर सांगणार होतो, पण तुमचा चेहरा पाहून तोंड उघडलं नाही. मी तुमच्यापासून कावून लपवीन?

शपथपत्रात माझं नाव नको. तुम्ही आजारी होत्या असं लिहा, सगळे तसंच लिहितात. डॉक्टरची चिठ्ठी मी आणून देतो. आणि घराचं काय धरून बसता? इथे तुमची खोली रंगवून ठेवली आहे. तुमच्या झुणक्याशिवाय भाकर घशाखाली उतरत नाही, हे दुर्गाला कळू देऊ नका.

राग न धरावा ही विनंती.

भाऊराव

कोहका
२१ जून

भाऊजींना नमस्कार.

मी आजारी नव्हते. खोटी चिठ्ठी नको. खोली कधी रंगवली, हे दुर्गाला फोनवर विचारलं, तर तिने फोन तुमच्याकडे दिला.

शपथपत्राची वाट पाहते.

मैना

कोहका
४ सप्टेंबर

भाऊजींना मैनावहिनीचा नमस्कार.

आज अर्ज मंजूर झाला. अपील चालेल, तोवर घर रिकामं करायचं नाही. तुम्ही खरं लिहून दिलं आणि आज हजरही राहिलात, म्हणूनच हे झालं. ते मी विसरणार नाही.

कोर्टाबाहेर ठेकेदाराने तुम्हाला नावाने हाक मारली आणि तुम्ही त्याच्याच गाडीतून स्टेशनला गेलात, तेही पाहिलं. आता काही विचारणार नाही. लोभ राहू द्या, येण्याआधी मात्र फोन करत जा. तुमच्याजवळची इथली किल्ली आता चालणार नाही. परतताना सुपेल्याच्या बाजारातून नवं कुलूप आणलं. जुनं काढून आत्ताच लावलं.

मैना