कड्यापाशी घेतलेली वंदना

उणकल, हुबळी
२८ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
धम्मपालचा सविनय जयभीम. वि. वि.

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही कुद्रेमुखच्या राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत. कडे, धबधबे, सगळं अजून हिरवंगार आहे म्हणतात. गाडीतली खिडकीची जागा तुझी. तुला ऐकू येईनासं झाल्यापासून तू बेळगावच्या घरातून हललेली नाहीस. फोनचा उपयोग नाही म्हणून पत्र लिहितो. त्या निमित्ताने माझं अक्षर सुधारलं, असं तुझी भावजय वत्सला म्हणते. नाही म्हणालीस तर उचलून नेईन.

माया आहे तशीच असू दे, वर थोडं रागावलीस तरी चालेल.
तुझा धाकटा भाऊ,
धम्मपाल

बेळगाव
३ ऑक्टोबर २०२४

चि. धम्मपाल यास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

मला उचलायच्या आधी स्वतःची कंबर सांभाळ. मी येत नाही. तुझ्या लेकीच्या, प्रीतीच्या साखरपुड्यात काय झालं ते तू बोलत नाहीस, पण मी विसरलेले नाही. घरातल्या प्रत्येक कार्यात बुद्धवंदना मीच घेत आले. मी ओळ म्हणायची, मागून सगळ्यांनी. त्या दिवशी तुमचं म्हणणं कधी संपतं ते कळेना. डोळे मिटून मी एकटीच पुढच्या ओळी म्हणत गेले. उघडले तर पोरं तोंड दाबून हसत होती. तेव्हापासून चार माणसांत बसायचं म्हटलं की मी काहीतरी कारण काढून टाळते. डिसेंबरात लग्नाला वंदना दुसऱ्या कुणाला तरी सांग.

प्रीतीला माझे पापे. लोभ असावा.
तुझी अक्का,
गौतमी

बेळगाव
१७ ऑक्टोबर २०२४

चि. धम्मपाल यास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

न विचारता दारात गाडी आणलीस, म्हणून प्रवासभर तुझ्याशी बोलले नाही. पाय अजून दुखताहेत.

पायऱ्या उतरून धबधब्याच्या कड्यापाशी आलो, तेव्हा प्रीती काहीतरी सांगत होती आणि तू कानामागे हात धरून वाकला होतास. मला वाटलं, माझी नक्कल करतोस. फार वाईट वाटलं. मग बघते तर वत्सलाही तसंच करत होती, शेजारची अनोळखी माणसंसुद्धा. पाण्याच्या आवाजापुढे कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं. मला तो आवाजही येत नव्हता, नुसता छातीत हादरा बसत होता.

तू हात जोडून वंदनेची खूण केलीस. मी ओळ म्हणायचे आणि तुमचे ओठ थांबेपर्यंत वाट बघायचे. तुम्हीही माझ्या ओठांकडे डोळे लावून उभे. एकदाही चुकलं नाही. वत्सला रडत होती, ते मी पाहिलं.

लग्नात वंदना मीच घेणार. डोळे मिटणार नाही. तुम्ही सगळे माझ्यासमोर उभे राहा आणि म्हणताना तोंड नीट उघडा.

वत्सलाला, प्रीतीला मायेचा जयभीम.
तुझी अक्का,
गौतमी