आत न आलेले बाबा

प्रिय इरा,

रोज फोन होत असताना हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. ते शेवटी सांगतो.

आपली राजदूत फटफटी पुन्हा चालू केली. तामलवाडीच्या शाळेतून मी रोज त्याच गाडीवर तुळजापूरला परत यायचो आणि कोपऱ्यावर आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची, हे तू पाहिलंयस. तिचं बाकीचं सगळं पुसत गेलं, तेवढंच उरलं. संध्याकाळ झाली की दारात उभी राहते आणि "हे अजून आले नाहीत" म्हणत राहते. मी तिच्या शेजारीच उभा असतो. मागं एकदा माझा डोळा लागला, तेवढ्यात ती मला शोधायला सोलापूर रस्त्याला लागली. शरणम्मा फुलवालीनं ओळखलं, रिक्षात घालून घरी आणलं. तेव्हापासून मी दाराला आतून कुलूप लावतो. तुला हे सांगितलं नव्हतं.

वाटलं, गाडीचा आवाज ऐकला तर तिचा जीव भांड्यात पडेल. दगडोबा मिस्त्रीला घरी बोलावलं. किक मारून मारून तो घामाघूम झाला, प्लगला ठिणगीच येईना. मग त्यानं बाजूचं झाकण उघडून दाखवलं. "सर, पॉइंट पार झिजलेत. करंट यावा कुठनं?" ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या त्या दोन्ही टोकांना खड्डे पडले होते. पॉलिश पेपरनं घासल्यावर गाडी एकदा फटकन बोलली आणि गप्प झाली. नवा पॉइंट तुळजापुरात मिळाला नाही, सोलापुरातही नाही. शेवटी दगडोबाच्या मेव्हण्याकडं, ईट गावी, भंगारातल्या एका राजदूतचा बरा निघाला. कंडेन्सरही बदलला. पॉइंटमधली फट मी स्वतः बसवणार होतो, पण ती दगडोबानंच बसवली. मी नुसती उजेडासाठी बॅटरी धरून बसलो.

संध्याकाळी शरणम्माला आईजवळ बसवलं, गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथून चालवत घरी आलो. इरा, आई हसत होती. "आले," म्हणाली. तो चेहरा मी किती दिवसांनी बघत होतो. मी चप्पल काढून आत गेलो. तिनं पदर सावरला आणि मला म्हणाली, "बसा ना. हे आलेत, गाडी लावतायत."

मी बसलो. शरणम्माच्या मदतीनं तिनं चहा केला, मला पाहुण्यांच्या कपातून दिला आणि माझा कप बशीनं झाकून ठेवला. तो गार झाला तशी ती पुन्हा दाराकडं गेली.

आता रोज हेच चाललंय. गाडी काढली नाही तर ती कासावीस होते. काढली तर घटकाभर सुखात असते आणि मग जास्तच कासावीस होते. डॉक्टर म्हणतात, समजावत बसू नका. दगडोबा वाटेत भेटला की गाडी बरी चालतीय का विचारतो. मी हो म्हणतो.

काल चहा देऊन ती माझ्यासमोर बसली. परक्याला घरातली अडचण सांगावी तसं संकोचून म्हणाली, "तुम्ही शिकलेले दिसता. माझ्या इराला एक पत्र लिहाल? म्हणावं, तुझे बाबा दारापर्यंत येतात, पण आत येत नाहीत. तू येऊन त्यांना आत घेऊन ये." लिहितो, असा शब्द दिला मी तिला. तो निरोप तुला कळवला. पुढं काय करायचं ते मला कळत नाही, पोरी.

तुझाच,
बाबा